खड्याला जामीन कोण?

बँकॉकचा ग्रँड पॅलेस सकाळी साडेआठला उघडतो. दुपारी साडेतीनपर्यंत तिकीट मिळते आणि राजघराण्याचा एखादा सोहळा सोडला तर वर्षभर तो पर्यटकांसाठी खुला असतो. तरीही त्याच्या पांढऱ्या तटाच्या कडेने चालणाऱ्या पर्यटकाला इस्त्रीचा शर्ट घातलेला एक माणूस अडवतो आणि अदबीने सांगतो, ‘‘आज धार्मिक सण आहे, दुपारपर्यंत आत सोडणार नाहीत. तोवर दुसरी देवळे पाहून या.’’ नकाशावर खुणा तोच करून देतो, टुकटुक तोच थांबवतो आणि ड्रायव्हरशी घासाघीस करून भाडेही वीस-तीस बाहतवर आणतो. एवढ्या पैशांत कोणी शहरभर का फिरवील, हा प्रश्न त्या क्षणी सुचत नाही. परक्या गावात कोणीतरी आपुलकीने वागले, याचाच आनंद मोठा असतो.

पहिला थांबा म्हणजे गर्दीपासून दूरचे एखादे लहान देऊळ. तिथे पायरीवर बसलेला दुसरा माणूस सहज बोलू लागतो. कुठून आलात, काय करता, मुले किती. बोलता बोलता त्याच्याकडून कळते, की सरकारने रत्नांवरचा कर आठवडाभर माफ केला आहे आणि आज त्याचा शेवटचा दिवस. पुढच्या थांब्यावर कधी कधी एक गोरा प्रवासी भेटतो. आपण गेल्या वर्षी इथूनच नीलम नेले, मायदेशी दुप्पट भावाने विकले आणि शिक्षणाचा खर्च काढला, असे तो सांगतो. मग टुकटुकवाला म्हणतो, ‘‘पाच मिनिटे दुकानात जाऊन या. काही घेतले नाही तरी चालेल. मला पेट्रोलचे कूपन मिळते.’’

दुकान वातानुकूलित असते. थंड पेय येते, मखमली तबकात नीलम येतात, भिंतीवर चौकटीतली प्रमाणपत्रे दिसतात आणि दुकानाच्या नावात ‘एक्स्पोर्ट’ किंवा ‘सरकारी’ वाटावा असा एखादा शब्द असतो. पैसे कार्डाने घेतले जातात. खडे जाड प्लॅस्टिकमध्ये मोहोरबंद होतात आणि बजावून सांगितले जाते, की मोहोर तोडली तर पुढचा गिऱ्हाईक पूर्ण भाव देणार नाही. पाकीट टपालाने परस्पर घरी पाठवण्याची व्यवस्थाही दुकानच करते. म्हणजे बँकॉकमध्ये असेपर्यंत ते दुसऱ्या कोणाला दाखवण्याचा प्रश्नच येत नाही. घरी पोहोचल्यावर ओळखीचा सराफ भिंग लावतो तेव्हा खडे बहुतेक वेळा खरेच निघतात. नीलमच असतात, पण हलक्या प्रतीचे, आणि मोजलेल्या रकमेच्या एका लहान हिश्शाएवढ्या किमतीचे. खडा खोटा नसल्याने पोलिसांत काय सांगायचे, हेही फसलेल्याला कळेनासे होते.

हा प्रकार कित्येक दशके चालू आहे. थायलंडचे पर्यटन खाते आणि अनेक देशांच्या वकिलाती त्याबद्दल सावध करत आल्या आहेत. तिथल्या पर्यटक पोलिसांचा ११५५ हा क्रमांक अशाच वेळी उपयोगी पडतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये भारतीयांना व्हिसा माफ झाला आणि २०२४ मध्ये एकवीस लाखांहून अधिक भारतीय थायलंडला गेले. महाराष्ट्रातून सहलींनी जाणाऱ्यांनाही हा धोका आता परका राहिलेला नाही.

या प्रसंगातली माणसे मोजून पाहावीत. तटाजवळचा सद्गृहस्थ, देवळातला गप्पिष्ट, परदेशी प्रवासी, टुकटुकवाला. वरवर पाहता यांतला कोणीही दुसऱ्याला ओळखत नाही, कोणालाही काही विकायचे नाही, आणि तरी चौघांची साक्ष एकच. दुकानदाराने हेच सांगितले असते तर गिऱ्हाईक सावध झाला असता. चार तटस्थ वाटणारी माणसे सांगतात तेव्हा तो निश्चिंत होतो. फसलेल्याला लोभी किंवा भोळा ठरवून मोकळे होण्याची आपल्याकडे पद्धत आहे. ती अन्यायाची आहे. खड्याची पारख नसलेला माणूस माणसांवरून अंदाज बांधतो, आणि तसे करण्यावाचून त्याला गत्यंतर नसते. भामटे नेमकी तीच माणसे पुरवतात.

डोळ्यांना न दिसणारा फरक

आंबा वासाने कळतो, साडी हाताने कळते. माणकाचे तसे नाही. माणिक आणि नीलम ही दोन्ही एकाच खनिजाची, कोरंडमची, रूपे. कोरंडम म्हणजे ॲल्युमिनियमचे ऑक्साइड. त्यात क्रोमियमचा अंश असला की लाल माणिक होते, लोह आणि टायटॅनियम असले की निळा नीलम. हे सारे कारखान्यातही करता येते. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ ऑगस्ट व्हेर्नॉय यांनी १९०२ मध्ये जाहीर केलेल्या पद्धतीत ॲल्युमिनियम ऑक्साइडची बारीक पूड ऑक्सिजन-हायड्रोजनच्या ज्योतीतून खाली सोडतात. ती वितळून थेंबाथेंबाने साचते आणि काही तासांत माणकाचा कांडा तयार होतो. त्याची रासायनिक घडण, काठिण्य आणि घनता खाणीतल्या माणकासारखीच असते. फरक आत असतो. निसर्गात वाढलेल्या स्फटिकातल्या रेषा सरळ आणि कोनात वळणाऱ्या असतात, ज्योतीतल्या खड्यातल्या रेषा कमानदार असतात. हे पाहायला भिंग लागते, पुष्कळदा सूक्ष्मदर्शक लागतो आणि सराव तर लागतोच.

भावांमधली दरी मात्र अफाट आहे. मोझांबिकच्या खाणीतले ‘एस्ट्रेला दे फुरा’ हे ५५.२२ कॅरेटचे माणिक जून २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ३ कोटी ४८ लाख डॉलरना गेले. कारखान्यात बनलेले तेवढेच लाल माणिक किरकोळ पैशांत मिळते. दिसायला इतक्या जवळच्या आणि किमतीने इतक्या दूरच्या वस्तू बाजारात फारशा नाहीत. भामट्यांचे पोट या दरीवर भरते.

दरीच्या मधल्या पायऱ्या आणखी फसव्या आहेत. श्रीलंकेत सापडणारे ‘गेउडा’ नावाचे दुधाळ कोरंडम पूर्वी कवडीमोल होते. ते भट्टीत तापवले की सुंदर निळे होते, हे १९७० च्या दशकात थायलंडच्या व्यापाऱ्यांनी ओळखले. तापवणे ही आज सर्वमान्य प्रक्रिया आहे, मात्र ती गिऱ्हाइकाला सांगितली पाहिजे. पाचूच्या चिरांमध्ये तेल मुरवतात, तेही मान्य आहे आणि तेही सांगितले पाहिजे. २००१-०२ मध्ये थायलंडच्या चंथाबुरी या रत्नकेंद्रातून नारिंगी-गुलाबी नीलमांचा लोंढा जगभर गेला. त्यांचा रंग बेरिलियमच्या संगतीत प्रचंड तापवून आणलेला होता. तेव्हा नामांकित प्रयोगशाळाही काही काळ गोंधळल्या. ज्यांचा हा व्यवसाय आहे त्यांची ही स्थिती, तर सहलीला आलेल्या माणसाने दुकानातल्या दिव्याखाली काय ओळखावे?

मुंग्यांच्या वारुळातले हिरे

जाणकाराला सोबत घेतले की फसवणूक टळते, हा समजही तपासून घ्यायला हवा. अमेरिकेत १८७२ मध्ये गाजलेले प्रकरण त्यासाठी फार बोलके आहे. केंटकीहून आलेले फिलिप अरनॉल्ड आणि जॉन स्लॅक हे दोन चुलतभाऊ सॅन फ्रान्सिस्कोत कच्च्या हिऱ्यांची थैली घेऊन अवतरले. खाण कुठे आहे हे सांगायला त्यांनी आढेवेढे घेतले, त्यामुळे ऐकणाऱ्यांची उत्सुकता वाढतच गेली. बँक ऑफ कॅलिफोर्नियाचे विल्यम राल्स्टन यांच्यासारखे धनाढ्य त्यात ओढले गेले.

राल्स्टन आणि मंडळी बेसावध मुळीच नव्हती. त्यांनी खडे न्यूयॉर्कला चार्ल्स टिफनी यांच्याकडे पाठवले. टिफनींनी नमुन्यांची किंमत दीड लाख डॉलर ठरवली. मग त्यांनी हेन्री जॅनिन हा नावाजलेला खाण अभियंता प्रत्यक्ष जागेवर नेला. त्यानेही हिरवा कंदील दाखवला. दोघेही प्रामाणिक होते. पण टिफनींचा हात पैलू पाडलेल्या हिऱ्यांवर बसलेला होता, कच्च्या दगडांवर नव्हे, आणि जॅनिनला जिथे खणायला सांगितले तिथेच तो खणत होता. अरनॉल्ड-स्लॅक यांनी लंडनहून हलके खडे आणून ते कोलोरॅडोच्या त्या पठारावर आधीच पेरून ठेवले होते.

बिंग फोडले ते क्लॅरन्स किंग या सरकारी भूवैज्ञानिकाने. त्याला कोणी बोलावले नव्हते. तो आपल्या सर्वेक्षणाच्या चमूसह नोव्हेंबरच्या थंडीत स्वतःहून तिथे पोहोचला आणि त्याला हवे तिथे खणू लागला. हिरे, माणके, नीलम एकाच जागी सापडत होते, आणि निसर्गात असे होत नाही. ते सापडत होते तेही खडकांच्या फटींत आणि मुंग्यांच्या वारुळांत, माणसाचा हात लागलेल्या जागी. हात न लागलेल्या मातीत काहीच नव्हते. किंगने ताबडतोब कंपनीला कळवले आणि खाणीचे समभाग सर्वसामान्य लोकांना विकले जाण्याआधी व्यवहार थांबला.

टिफनी आणि जॅनिन यांना जे जमले नाही ते किंगला जमले, कारण काय तपासायचे आणि कुठे तपासायचे हे त्याचे त्याने ठरवले.

जयपूरची पुडी, जयपूरचा कागद

रंगीत खड्यांच्या व्यापारात जयपूरचे स्थान जगात वरचे आहे. जोहरी बाजारातल्या पेढ्यांवर पिढ्यान्‌पिढ्या पाचू घासले जातात, आणि बहुसंख्य व्यापारी शब्दाला जागणारे आहेत. त्यांच्याच नावावर भामटे जगतात.

परदेशी तरुणांना गाठण्याची एक रीत तिथे आणि आग्र्यात बरीच वर्षे रुजलेली आहे. आपल्या वयाचा, अस्खलित इंग्रजी बोलणारा एक मुलगा चहाला बोलावतो, मोटारसायकलवरून गाव फिरवतो, घरी जेवू घालतो. दोन-तीन दिवसांनी घरातले वडीलधारे अडचण सांगतात. निर्यातीवर कर फार आहे, मात्र पर्यटक आपल्या नावाने खडे पाठवू शकतो. पार्सल तुझ्या नावाने तुझ्या गावी जाईल, तिथे आमचा भागीदार ते घेईल आणि तुला हजारो डॉलर देईल. फक्त हमी म्हणून तुझे क्रेडिट कार्ड लागेल. कधी कधी पुढचा अंकही होतो. पार्सल कस्टम्सने पकडले, आता पैसे भरले नाहीत तर अटक होईल, असा फोन येतो. पार्सलमध्ये काचा असतात, नाहीतर फुटकळ खडे असतात आणि तो भागीदार कधीच भेटत नाही. पाश्चात्त्य देशांच्या प्रवास-सूचनांमध्ये या फसवणुकीचा उल्लेख वर्षानुवर्षे आहे. इथे साक्षीदारांचे काम मैत्रीने केले. चार दिवस मीठ खाल्लेल्या घरावर संशय घेणे कोणत्याही संस्कारी मुलाला जड जाते.

जून २०२४ मध्ये उजेडात आलेले जयपूरचे दुसरे प्रकरण कागदाचे आहे. अमेरिकेतल्या एका व्यावसायिक महिलेने जोहरी बाजारातल्या एका पेढीकडून २०२२ पासून सुमारे सहा कोटी रुपयांचे दागिने घेतले होते. एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेतल्या प्रदर्शनात ते मांडले तेव्हा ते खोटे असल्याचे तिला कळले. पोलिसांच्या म्हणण्यानुसार चांदीवर सोन्याचे पाणी चढवलेले, तीनशे रुपयांच्या मोलाचे दागिने तिच्या गळ्यात मारले गेले आणि सोबत शुद्धतेची खोटी प्रमाणपत्रे दिली गेली. ते प्रमाणपत्र देणाऱ्यालाही पोलिसांनी अटक केली.

ही बाई व्यवहारात मुरलेली होती. तिने कागद मागितला आणि तिला कागद मिळाला. तो कागद विकणाऱ्याच्याच बाजूने आलेला होता.

दादरची गर्दी

परक्या देशात, परक्या भाषेत असे होते म्हणून दुर्लक्ष करणाऱ्यांनी ६ जानेवारी २०२५ चे दादर आठवावे. ‘टोरेस’ या चकचकीत दालनाच्या बंद दारापुढे सकाळपासून शेकडो माणसे जमली. कोणाच्या हातात पावत्या, कोणाच्या मोबाइलवर हप्त्यांचे मेसेज. फेब्रुवारी २०२४ पासून मुंबई आणि परिसरात या नावाची सहा दालने उघडली होती. तिथे ‘मॉइसनाइट’ नावाचे हिऱ्यासारखे खडे विकले जात. खडा घेणाऱ्याला त्याच्या रकमेवर दर आठवड्याला सहा टक्क्यांच्या आसपास परतावा मिळेल, असे सांगितले जाई. आठवड्याला सहा म्हणजे बावन्न आठवड्यांत तीनशे बारा टक्के. डिसेंबरच्या अखेरीस हप्ते थांबले, आणि तरीही ५ जानेवारीपर्यंत पैसे भरणाऱ्याला अकरा टक्के मिळतील अशी जाहिरात चालूच होती.

शिवाजी पार्क पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदला गेला, तपास आर्थिक गुन्हे शाखेकडे गेला आणि ठेवीदारांच्या संरक्षणासाठी महाराष्ट्राने १९९९ मध्ये केलेला कायदा लावला गेला. सूत्रधार परदेशी नागरिक असून ते आधीच देशाबाहेर गेल्याचे तपासात पुढे आले. पैसे गमावणाऱ्यांत भाजीविक्रेते होते, छोटे दुकानदार होते, घरकाम करून साठवलेली पुंजी घालणाऱ्या बायका होत्या.

टोरेसचा खडा खोटा होता की खरा, हा प्रश्न कोणी विचारलाच नाही. मॉइसनाइट हे खरोखरच एक रत्न आहे. आंरी म्वासाँ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाला १८९३ मध्ये ॲरिझोनातल्या उल्कापाषाणात ते प्रथम आढळले. दागिन्यांत वापरले जाणारे मॉइसनाइट प्रयोगशाळेत बनते आणि हिऱ्याच्या तुलनेत फार स्वस्त असते. तो खडा हातात पडला म्हणून माणसाला वाटले, की आपण वस्तू विकत घेतली, कोणाला उसने दिले नाहीत. बुडालेच तर निदान हिरा तरी गाठीशी राहील. त्याहून भारी साक्ष शेजाऱ्याची होती. त्याला हप्ता खरेच मिळाला होता. नणंदेला मिळाला होता. पुढच्यांच्या पैशांतून मागच्यांना देण्याची ही जुनी चाल, पण तिने खऱ्या, प्रामाणिक, रोज भेटणाऱ्या माणसांना नकळत साक्षीदार केले. बँकॉकला साक्षीदार भाड्याने आणावे लागतात. दादरला ते घरातूनच मिळाले.

ओरखडा, दूध आणि बीप

अनोळखी विक्रेता गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत जी परीक्षा करून दाखवतो तीही एक साक्षच असते. तो खडा काचेवर ओढतो, काचेवर ओरखडा उठतो. काचेचे काठिण्य मोह्झच्या मापावर साडेपाचच्या आसपास. साधा गारगोटीचा स्फटिक सात, ज्याला बाजारात ‘अमेरिकन डायमंड’ म्हणतात तो झिर्कोनिया आठच्या वर, मॉइसनाइट सव्वानऊ, हिरा दहा. काचेवर यांतला कोणीही ओरखडा उठवतो. नीलम दुधात टाकला की दूध निळसर दिसते, ही दुसरी परीक्षा. निळी काच टाकली तरी ते दिसते. तिसरा प्रयोग यंत्राचा. पेनासारखे दिसणारे यंत्र खड्याला टेकवले की बीप वाजतो. हे साधे यंत्र उष्णता किती वेगाने वाहते ते मोजते, आणि मॉइसनाइट उष्णता जवळपास हिऱ्याइतकीच वाहून नेते. त्यामुळे यंत्र त्यालाही हिरा म्हणते. मॉइसनाइट ओळखायला भिंगातून तिरके पाहावे लागते. त्यात मागच्या पैलूंच्या कडा दुहेरी दिसतात, हिऱ्यात एकेरी.

भिंगाखाली पाहण्यासारखा दुसरा खडा म्हणजे काच भरलेले माणिक. २००४ च्या सुमारास ते बाजारात आले. मादागास्करमधले चिरांनी भरलेले, अपारदर्शक, जवळजवळ टाकाऊ कोरंडम घेऊन त्याच्या चिरांत शिसेयुक्त काच वितळवून भरतात. चिरा दिसेनाशा होतात आणि दगड एकाएकी पारदर्शक, रसरशीत लाल होतो. दहापट दाखवणाऱ्या भिंगाखाली असा खडा हळूहळू फिरवला, की एका विशिष्ट कोनात आतून निळी चमक दिसून जाते आणि चिरांच्या पातळीत चपटे बुडबुडे दिसतात. ही काच नाजूक असते. सोनाराने अंगठी दुरुस्त करताना ज्योत लावली तर ती वितळते आणि लिंबाच्या रसानेही पृष्ठभाग कोरला जातो. स्वयंपाकघरात वावरणाऱ्या हातातल्या अंगठीचे वर्षभरात काय होईल, हे यावरून कळावे. असा खडा ‘नैसर्गिक माणिक’ म्हणून विकला जातो, आणि विकणारा म्हणतो, की माणिक नैसर्गिकच आहे.

जोडखडे त्याहून जुने. एकोणिसाव्या शतकात रंगीत काचेवर गार्नेटचा पातळ पापुद्रा वितळवून बसवत, म्हणजे वरचा भाग झिजत नसे. पाचूच्या नावावर दोन रंगहीन तुकडे हिरव्या डिंकाने चिकटवलेलेही मिळतात. सुटा खडा पांढऱ्या वाटीत पाण्यात बुडवून बाजूने पाहिला, की वर-खाली पाण्यासारखी काच आणि मधे हिरवी रेघ दिसते. कोंदणात बसवलेल्या खड्याची ती कड झाकलेली असते. म्हणून महागडा खडा सुटाच पाहून घ्यावा, बसवलेला घेऊ नये, असे जुने सराफ सांगतात.

पुडीचा कागदही पाहावा. हिऱ्याच्या घडीच्या पुडीत आत फिकट निळा पातळ कागद असतो. त्यावर पिवळसर झाक असलेला हिरा पांढरा दिसतो. पिवळ्या उबदार दिव्याखाली माणिक खुलते. पारखी माणूस खडा कोऱ्या पांढऱ्या कागदावर घेऊन दिवसाच्या उजेडात खिडकीशी जातो. ज्या दुकानात खिडकीशी जाऊ देत नाहीत तिथून त्याने परत फिरावे. मोबाइलवरच्या चित्रफितीतून विकत घेणाऱ्याला तर खिडकीच नसते. उजेड, पार्श्वभूमी आणि रंगांचा गडदपणा तिन्ही विकणाऱ्याच्या हातात.

राशीचा खडा

महाराष्ट्रात सर्वसामान्य घरात खडा शिरतो तो बहुधा पत्रिकेच्या वाटेने. साडेसाती चालू आहे, नोकरी टिकत नाही, मुलीचे लग्न जमत नाही. कोणीतरी पुष्कराज सांगतो, कोणी नीलम. ज्योतिषावर श्रद्धा ठेवावी की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण संकटात सापडलेला माणूस घासाघीस करत नाही आणि शंकाही घेत नाही, हे विकणाऱ्याला पक्के ठाऊक असते. सल्ला देणारा आणि खडा देणारा एकच असेल, किंवा एकाने दुसऱ्याकडे पाठवले असेल, तर साक्षीदार आणि दुकानदार यांतले अंतर संपलेच. ‘उशाखाली ठेवून तीन रात्री झोपा, लाभतो का बघा’ असे सांगून खडा घरी दिला जातो. तीन रात्रींत माणूस आपली स्वप्ने तपासतो, खडा तपासायचा राहून जातो.

वजनातही खाच आहे. राशीचे खडे रतीत विकले जातात. आपली जुनी गुंज म्हणजे तोळ्याचा शहाण्णवावा भाग, सुमारे ०.१२ ग्रॅम. रत्नांच्या बाजारातली ‘पक्की रती’ मात्र सुमारे ०.१८ ग्रॅमची. पाच रती म्हटले, की एका हिशेबाने तीन कॅरेट होतात आणि दुसऱ्याने साडेचार. कॅरेट मात्र जगभर एकच, ०.२ ग्रॅम. बिलावर वजन कॅरेटमध्ये किंवा ग्रॅममध्येच लिहून घ्यावे.

कागद कोणाचा

हॉलमार्क पाहिला म्हणून निर्धास्त होणारे पुष्कळ आहेत. भारतीय मानक ब्युरोचा हॉलमार्क फक्त धातूची शुद्धता सांगतो. दागिन्यावरचा सहा अक्षरांचा एचयूआयडी क्रमांक ‘बीआयएस केअर’ ॲपवर घातला की सोन्याची माहिती मिळते. त्यात बसवलेल्या खड्याबद्दल हॉलमार्क अवाक्षर काढत नाही.

खड्याचा दाखला प्रयोगशाळा देते. जयपूरची जेम टेस्टिंग लॅबोरेटरी १९७२ मध्ये सुरू झाली. मुंबईत जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया आहे, जीआयए आणि आयजीआय या आंतरराष्ट्रीय संस्थांच्या प्रयोगशाळाही आहेत. दाखला वाचताना ठळक अक्षरांतल्या नावाखालची बारीक ओळ वाचायची असते. तापवल्याच्या खुणा, तेल, काचेचा भराव, प्रयोगशाळेत निर्मिती या गोष्टी तिथे लिहिलेल्या असतात. जीआयएच्या दाखल्यावर किंमत नसते, कारण ते तिचे कामच नाही. विकणाऱ्याने दिलेल्या कार्डावर भलीमोठी किंमत छापलेली असेल, तर तो दाखला जाहिरात समजावा.

खऱ्या दाखल्याचीही नक्कल होते. हिऱ्याच्या कडेवर लेझरने दाखल्याचा क्रमांक कोरलेला असतो. प्रयोगशाळेत बनलेल्या हिऱ्यावर खाणीतल्या हिऱ्याचा क्रमांक कोरल्याचे नमुने जीआयएने २०२१ मध्ये पकडले. क्रमांक संकेतस्थळावर खरा निघतो, वजन-माप जुळवून घेतलेले असते, खडा मात्र दुसरा. म्हणून मोठ्या रकमेचा खडा पुन्हा तपासून घ्यावा लागतो, आणि तो आपण स्वतः नेऊन द्यावा लागतो.

ही दक्षता आजची नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात खजिन्यात येणाऱ्या रत्नांच्या परीक्षेचे स्वतंत्र प्रकरण आहे. कोशाध्यक्षाने रत्न एकट्याच्या नजरेवर स्वीकारू नये, त्या त्या वस्तूच्या जाणकारांना बसवून स्वीकारावे, असे तिथे सांगितले आहे. ते जाणकार घेणारा नेमत असे.

व्यापारी स्वतः कसे घेतात

मुंबईच्या हिरेबाजारात, झवेरी बाजारात किंवा ऑपेरा हाउस भागात व्यापारी एकमेकांचा माल कसा घेतात, ते पाहण्यासारखे आहे. माल ‘जांगड’ जातो. म्हणजे विक्री झालेली नसते, मालकी देणाऱ्याचीच राहते, चिठ्ठीवर वजन आणि नग लिहिले जातात आणि घेणारा माल आपल्या पेढीवर नेऊन, आपल्या दिव्याखाली, आपल्या माणसाकडून तपासतो. पसंत पडला तर भाव ठरतो, नाहीतर पुडी परत. ज्यांचे आयुष्य या धंद्यात गेले ते लोकही पाच मिनिटांत, परक्या दुकानात, ‘आज शेवटचा दिवस’ ऐकून खडा घेत नाहीत. जे व्यापारी स्वतः करत नाहीत ते पर्यटकाने करावे असा कोणी आग्रह धरला, तर त्या आग्रहातच उत्तर मिळते.

सामान्य गिऱ्हाइकाला जांगड माल कोणी देणार नाही, पण त्याच्या जवळ जाणारी अट घालता येते. पक्क्या बिलावर खड्याचे नाव, तो नैसर्गिक की प्रयोगशाळेत बनलेला, कोणती प्रक्रिया झाली आहे आणि कॅरेटमधले वजन लिहून मागावे. त्याच बिलावर एक ओळ वाढवून घ्यावी: गिऱ्हाइकाने निवडलेल्या प्रयोगशाळेचा अहवाल वेगळा आला तर ठरलेल्या मुदतीत पूर्ण रक्कम परत. गावातला नावाजलेला सराफ ही ओळ खळखळ न करता लिहून देतो, कारण त्याला उद्याही त्याच पेठेत बसायचे असते.

फसवणूक झालीच असेल तर लाजेपायी गप्प राहिल्याने भामट्यांना पुढचे गिऱ्हाईक मोकळे मिळते. पैसे ऑनलाइन किंवा कार्डाने गेले असतील तर बँकेला आणि १९३० या सायबर मदत क्रमांकाला पहिल्या काही तासांतच कळवावे, रक्कम गोठवता येण्याची शक्यता तेव्हाच सर्वाधिक असते. ग्राहक म्हणून तक्रार १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर नोंदवता येते आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे जाता येते. दुकानाशी झालेले मेसेज पुसू नयेत. खडा, पुडी, पाकीट, कार्ड आणि पावती जशीच्या तशी ठेवावी, आणि खड्याचा प्रयोगशाळेचा अहवाल तक्रारीसोबत जोडावा.